उंबरखिंड टेबलावर मांडताना: गनिमी काव्याच्या डावात दोन बाजूंचा तोल कसा साधायचा

टेबलावरच्या वॉरगेममध्ये नव्याने आलेली मंडळी पहिला डाव बहुधा समसमान गुणांचा मांडतात. दोघांना शंभर-शंभर गुण द्यायचे, त्यात ज्याने त्याने घोडेस्वार, प्यादे, तोफा घ्यायच्या आणि टेबलाच्या दोन कडांवरून एकमेकांवर चालून जायचं. मैदानी लढाईला हे खपून जातं. गनिमी काव्याच्या डावाचा मात्र अशाने जीव जातो. बरोबरीची फौज हाताशी असलेला खेळाडू झाडीत दबा धरून बसेलच कशाला? तो सरळ उतरून लढतो. आणि फौज कमी देऊन बाकीचे नियम तसेच ठेवले, तर तो पहिल्या तासातच आटोपतो.

अशा डावाचा तोल माणसांच्या संख्येत शोधू नये, असं माझं ठाम मत आहे. कोणाकडे किती वेळ आहे, कोणाला काय दिसतंय आणि जिंकणं म्हणजे नेमकं काय, या तीन प्रश्नांच्या उत्तरांत तो असतो. फौजेची संख्या त्यानंतर. हे नुसतं सांगून कळत नाही, म्हणून आपण एक खरी लढाई पहिल्यापासून शेवटपर्यंत मांडू.

आधी लढाई नीट समजून घ्या

उंबरखिंडीची लढाई फेब्रुवारी १६६१ च्या सुरुवातीची. शाइस्ताखान पुण्यात तळ देऊन बसला होता. उत्तर कोकणातला मराठ्यांचा मुलूख घेण्यासाठी त्याने कारतलबखानाला पाठवलं. सोबत माहूरची सरदारीण रायबागन होती. फौज लोणावळ्याच्या बाजूने कुरवंडे घाट उतरली आणि खालच्या दाट जंगलात, अरुंद वाटेत शिरली. मराठ्यांनी तिला मुद्दाम आत येऊ दिलं. सगळी फौज वाटेत आल्यावर पुढची आणि मागची तोंडं अडवली आणि दोन्ही बाजूंच्या झाडीतून मारा सुरू केला. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. शेवटी रायबागनच्या सल्ल्याने खानाने शरणागतीचा निरोप पाठवला. सामानसुमान टाकून आणि खंडणी देऊन जीव वाचवून परत जायची परवानगी त्याला मिळाली.

आज ही जागा रायगड जिल्ह्यात, खालापूर तालुक्यातल्या चावणी गावाजवळ आहे. तिथे लढाईचं स्मारकही आहे. जमेल त्यांनी टेबल मांडण्याआधी एकदा जाऊन यावं. नकाशावर ती दोन डोंगरांमधली एक रेघ दिसते. प्रत्यक्ष उभं राहिल्यावर कळतं की वरून खालचं सगळं दिसतं आणि खालून वरचं काहीच दिसत नाही. आपल्या डावाचे निम्मे नियम या एका गोष्टीतून निघतात.

दोन्हीकडच्या सैन्याचे आकडे वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे दिलेले आढळतात. त्यांच्या मागे लागून टेबलावरचं प्रमाण ठरवू नका. वाटेत एका वेळी लढू शकतील इतकीच माणसं महत्त्वाची, आणि अरुंद वाटेत ती नेहमीच थोडी असतात.

दोघांना वेगवेगळं काम द्या

कागद घ्या आणि प्रत्येक बाजूसाठी एकच वाक्य लिहा. मोगल: “फौज आणि सामान घेऊन खिंडीतून बाहेर पडायचं.” मराठे: “आपली माणसं न गमावता त्यांना बाहेर पडू द्यायचं नाही.” ‘शत्रूला मारायचं’ असं वाक्य कोणत्याही बाजूला लिहिलं गेलं, तर थांबून पुन्हा विचार करा. मारणं हे इथे साधन आहे.

आता ही वाक्यं गुणांत उतरवू. मोगलांकडे १२ लढाऊ तुकड्या आहेत, ६ घोडेस्वारांच्या आणि ६ बंदूकधारी प्याद्यांच्या. शिवाय ४ बुणगे, म्हणजे सामान, बैल आणि सोबतची न लढणारी माणसं. पलीकडच्या कडेतून बाहेर पडलेल्या प्रत्येक लढाऊ तुकडीचा १ गुण, प्रत्येक बुणग्याचे २. सगळेच्या सगळे बाहेर पडले तर २० गुण होतात. मराठ्यांकडे फक्त ६ तुकड्या. त्यातली एक मोडली की मोगलांना २ गुण जास्त. मोगलांनी १२ किंवा अधिक गुण मिळवले तर ते जिंकले, नाहीतर मराठे जिंकले.

मराठ्यांची तुकडी मोगलांच्या तुकडीपेक्षा दुप्पट मोलाची ठेवली, कारण महाराजांकडे माणसं मोजकीच होती. कमी फौजेच्या बाजूला आपली माणसं जपावीशी वाटली पाहिजेत. हा एक नियम नसेल तर मराठा खेळाडू शेवटच्या दोन फेऱ्यांत सगळ्या तुकड्या खाली झोकून देतो आणि खेळाला उंबरखिंडीचं काही रूप उरत नाही.

टेबल आणि रांग

६ फूट बाय ४ फुटांचं टेबल पुरे. मधून लांबीच्या दिशेने वाट, दोन्ही बाजूंना चढ आणि झाडी. पुठ्ठ्याची खोकी उपडी घालून वर गोणपाट टाकलं की डोंगर होतो. ज्यांनी दिवाळीत अंगणात किल्ला केला आहे त्यांना हे शिकवायला नको. किल्ल्यावरचे मावळेही चालतील, फक्त सगळे साधारण एका मापाचे असू द्या. मोगलांच्या तुकड्यांसाठी २ इंच लांबीचे पुठ्ठ्याचे तुकडे कापले तरी भागतं. मराठ्यांसाठी कॅरमच्या सोंगट्या घ्या. त्या का, ते पुढे येईल.

चाल अशी: वाटेवर सगळे मोगल फेरीला ६ इंच. घोडेस्वारसुद्धा ६ च, कारण पुढे बैल अडकलेले असताना घोडा कितीही वेगाचा असला तरी उपयोग नाही. झाडीत मोगल प्यादे २ इंच, घोडेस्वार आणि बुणगे शून्य. मराठे कुठेही ६ इंच.

नवे लोक इथे एक गोष्ट हमखास विसरतात: रांगेला लांबी असते. १६ तुकडे, प्रत्येकी २ इंच, म्हणजे रांग ३२ इंचांची झाली. ती कडेवरून एकेक करून आत आणली तर निम्मी संध्याकाळ तिच्या प्रवेशातच जाते आणि मराठे बिनीवरच, म्हणजे सगळ्यात पुढच्या तुकडीवरच, तुटून पडतात. म्हणून डाव सुरू होताना सगळी रांग आधीच खिंडीत ठेवा. चंदावल, म्हणजे सगळ्यात मागची तुकडी, एका आखूड कडेला टेकलेली, बिनी ३२ इंचांवर. इतिहासातही मारा सुरू झाला तो सगळी फौज आत आल्यावरच.

आता हिशोब बघा. टेबल ७२ इंच लांब. बिनीला बाहेर पडायला ४० इंच, म्हणजे ७ फेऱ्या. सगळ्यात मागच्या तुकडीचं तोंड २ इंचांवर आहे, तिला ७० इंच, म्हणजे १२ फेऱ्या. हे दोन आकडे टेबलाच्या कोपऱ्यावर लिहून ठेवा. पुढचं सगळं त्यांच्यावर उभं आहे.

रांगेचा क्रम मोगल खेळाडूने स्वतः ठरवावा. अट एकच, पहिल्या चार जागांवर बुणगे नकोत. बुणगे मधे ठेवून आजूबाजूला प्यादे ठेवायचे की ते मागे टाकून लढाऊ तुकड्या लवकर बाहेर काढायच्या, हा त्याचा पहिला खरा निर्णय. त्याला विचार करायला वेळ द्या.

उसंत: तोलाचा मुख्य खिळा

डाव १५ फेऱ्यांचा ठेवा. मागच्या तुकडीला बिनअडथळा १२ लागतात, म्हणजे तिच्या हाती ३ फेऱ्यांची उसंत आहे. मराठ्यांचं सगळं काम ही उसंत खाण्याचं.

त्यासाठी त्यांना दोन अडथळे द्या, पाडलेली झाडं किंवा लोटलेल्या दरडी. ते ४० इंचांच्या पुढे वाटेवर कुठेही, पण खेळ सुरू होण्याआधी ठेवायचे. बिनी अडथळ्याशी पोचली की एक फेरी सगळी रांग थांबते, मग तो दूर झाला असं धरायचं. शिवाय हल्ला झालेली तुकडी आणि तिच्या मागची सगळी रांग त्या फेरीत थांबते. पुढची मात्र चालत राहते.

दोन अडथळ्यांनी २ फेऱ्या गेल्या. शेवटच्या तुकडीच्या पुढे कुठेही एक हल्ला झाला की तिसरी गेली. म्हणजे ती बरोबर पंधराव्या फेरीत निसटते. आणखी एक हल्ला झाला की ती आत राहिली. इतका ताण हवा. शिवाय हल्ल्याने रांगेत फट पडते, आणि पुढच्यांनी थांबून ती भरून काढावी की आपापलं बाहेर पडावं, हा प्रश्न मोगल खेळाडूसमोर आपोआप येतो. तो नियमात लिहावा लागत नाही.

डाव एका बाजूला झुकतोय असं दिसलं तर पहिला हात या खिळ्याला घाला. १५ च्या १४ किंवा १६ फेऱ्या करून बघा. एका फेरीने किती फरक पडतो ते पाहून नवख्यांना नवल वाटतं.

कोणाला काय दिसतंय

कॅरमच्या १० सोंगट्या घ्या. सहांच्या खाली कागद चिकटवून त्यावर तुकडीचा क्रमांक लिहा. उरलेल्या चार कोऱ्या, म्हणजे हूल. सगळ्या पालथ्या घालून झाडीत कुठेही मांडा, वाटेपासून किमान ४ इंच दूर. मोगल खेळाडूला दहा ठिकाणी हालचाल दिसते, पण माणसं कुठे आहेत ते कळत नाही. मराठा खेळाडू खऱ्या-खोट्या सगळ्या सोंगट्या सारख्याच हलवतो. मोगल प्यादी ३ इंचांच्या आत आली की सोंगटी उलटायची. हूल निघाली तर मराठा खेळाडू ती पुढच्या फेरीत दुसरीकडे झाडीत ठेवू शकतो.

१० त ६ खऱ्या असताना उलटलेली सोंगटी खरी निघण्याची शक्यता ६० टक्के. हुली सहा केल्या तर ती निम्म्यावर येते. एकही हूल नसेल तर लपवाछपवीला अर्थच उरत नाही, मोगल सरळ जवळच्या सोंगटीवर प्यादे पाठवतात. तोलाचा दुसरा खिळा हा. माझ्या मते हुली चारांपेक्षा कमी कधी करू नयेत, कारण मग मोगल खेळाडूच्या मनातली धास्ती जाते, आणि ती धास्ती हीच मराठ्यांची खरी फौज आहे.

मोगलांनी टेहळणीला प्यादे पाठवायचे की नाही, याचा हिशोबही वर लिहिलेल्या दोन आकड्यांतून निघतो. झाडीत ४ इंच आत जायला २ फेऱ्या आणि परतायला २, म्हणजे चार फेऱ्या खर्च. बिनीच्या तुकडीला ७ अधिक ४, म्हणजे ११ फेऱ्या लागतील, तिला परवडतं. चंदावलीला १२ अधिक ४, म्हणजे १६, ती गेली तर परत येणार नाही. त्यामुळे टेहळणी रांगेच्या पुढच्या भागाकडूनच होऊ शकते. मागच्या बुणग्यांना आंधळेपणानेच चालावं लागतं, आणि मराठे शेपटीवर का तुटून पडतात ते कोणी न सांगता कळतं.

हल्ला केलेली तुकडी झाडीत माघारी गेली आणि मोगलांपासून ८ इंच दूर राहून तिने एक पूर्ण फेरी काढली, की तिची सोंगटी पुन्हा पालथी. त्या वेळी मराठा खेळाडूने ती आजूबाजूच्या हुलींबरोबर नजरेआड फिरवून परत मांडावी.

तिसरा माणूस मिळाला तर सोंगट्याही नकोत. मराठे आपल्या जागा कागदी नकाशावर लिहून पंचाकडे देतात आणि पंच मोगलांना दिसेल तेवढंच टेबलावर ठेवतो. प्रशियाच्या सैन्यात १८२४ पासून अधिकाऱ्यांना असेच पंच ठेवून डाव खेळवले जात. गनिमी काव्याला यापेक्षा चांगली पद्धत मला माहीत नाही.

फासे: एक फेरी मारा, दुसरीत निघा

फाशांचे आकडे निवडताना ‘मजेशीर’ वाटतील ते घेऊ नका. मराठ्यांनी जसं वागावं असं वाटतं, तेच त्यांना फायद्याचं ठरेल असे आकडे निवडा.

झाडीतून अचानक उठलेली मराठा तुकडी वाटेपासून ३ इंचांत आली की तीन फासे टाकते. पहिल्या फेरीत ४, ५, ६ पडले की मार लागला. सरासरी दीड. पुढच्या फेरीपासून फक्त ५ आणि ६, सरासरी एक. मोगलांची तुकडी किंवा बुणगा ३ मार लागल्यावर मोडतो, मराठ्यांची तुकडी २ लागल्यावर. उलट मारा करतात ते फक्त ६ इंचांच्या आतले प्यादे, प्रत्येकी दोन फासे आणि फक्त ६ ला मार, कारण झाडीतला माणूस दिसतच नाही.

दोन मराठा तुकड्या एका बुणग्यावर तुटून पडल्या असं धरा, जवळ मोगलांच्या तीन प्यादी तुकड्या आहेत. पहिल्या फेरीत मराठे सरासरी ३ मार देतात, बुणगा मोडला. मोगलांचे सहा फासे, सरासरी १ मार परत. दोन गुणांचा बुणगा गेला आणि मराठ्यांची अर्धी तुकडी दुखावली. फायद्याचा सौदा. मराठे दुसऱ्या फेरीलाही थांबले तर? आता त्यांचे २ मार, म्हणजे नव्या तुकडीचा दोन तृतीयांश. समोरून पुन्हा १. हे दोन्ही मार एकाच तुकडीवर पडले तर ती मोडली आणि मोगलांना २ गुण मिळाले. तोट्याचा सौदा.

म्हणून शहाणा मराठा खेळाडू एक फेरी मारतो आणि निघून जातो. “मराठ्यांनी हल्ल्यानंतर माघार घ्यावी” असा नियम कुठेही लिहिलेला नाही. मोगल खेळाडू शहाणा असेल तर बुणग्यांच्या आसपास प्यादे तीनऐवजी चार ठेवतो आणि हा हिशोब बिघडवतो. तुम्ही आकडे बदलाल तेव्हा हीच वजाबाकी कागदावर करा. पहिली फेरी फायद्याची आणि दुसरी तोट्याची राहिली पाहिजे.

तहाचा दरवाजा उघडा ठेवा

हरत असलेल्या खेळाडूला तासभर नुसतं बसवून मार खायला लावणं हा वाईट डाव. इतिहासाने इथे आपल्याला आयता उपाय दिला आहे. सहाव्या ते दहाव्या फेरीत, एकदाच, मोगल खेळाडू शरणागतीचा निरोप पाठवू शकतो. मराठ्यांनी तो मान्य करायचा आणि डाव तिथेच संपवायचा. बाहेर पडलेल्यांचे पूर्ण गुण आणि मोडलेल्या मराठा तुकड्यांचे गुण मोगलांकडेच राहतात. आत उरलेल्या लढाऊ तुकड्यांचे निम्मे मिळतात, आत उरलेल्या बुणग्यांचे काहीच नाही.

याने मोगल बहुधा १२ पर्यंत पोचत नाहीत. मग निरोप पाठवायचाच कशाला? त्याचं उत्तर पुढच्या पायरीत आहे.

दोनदा खेळा, बाजू बदलून

एकाच डावाच्या निकालावरून तोल ठरवू नका. तोच डाव बाजू बदलून लगेच पुन्हा खेळा आणि मोगल असताना कोणी जास्त गुण काढले ते बघा. जास्त गुणांचा तो विजेता. मोगल दोन्ही वेळा हरले तरी स्पर्धा खरी राहते, आणि शरण जाऊन वाचवलेले पाच गुणही मोलाचे ठरतात. तोल अजून कच्चा असताना पाहुण्यांना डाव दाखवायचा असेल तर हीच पद्धत वापरा.

वेळ एकाच डावाचा असेल तर बोली लावा. मराठे म्हणून किती कमी तुकड्यांवर खेळायची तयारी आहे, तो आकडा दोघांनी गुपचूप चिठ्ठीवर लिहायचा. ज्याचा आकडा लहान त्याला तेवढ्याच तुकड्यांसह मराठे मिळतात. आकडे सारखे असतील तर फासा टाका. फौजेच्या संख्येचा वाद अशाने खेळाडूंनीच मिटवलेला असतो.

डाव झाल्यावर हरलेल्याला एक प्रश्न जरूर विचारा: “कितव्या फेरीला वाटलं की आता संपलं?” उत्तर बाराव्या-तेराव्या फेरीचं आलं तर निकाल काहीही असो, तोल जवळपास जमला आहे. चौथ्या फेरीचं आलं तर गडबड मांडणीत आहे. अडथळे बिनीच्या फार जवळ आहेत का, सगळे प्यादे एकाच टोकाला गेलेत का, ते तपासा. एका वेळी एकच खिळा हलवा. आधी फेऱ्यांची संख्या, मग हुली, आणि उरलेला बारीक झुकाव जिंकण्याचा आकडा १२ वरून ११ किंवा १३ करून काढा. तुकड्या वाढवणं-कमी करणं शेवटी. एक मराठा तुकडी वाढली की मारा, अडवणूक, सोंगट्यांचं प्रमाण असं सगळंच एकदम बदलतं आणि कशाने काय झालं ते कळेनासं होतं.

दुसऱ्या लढाया मांडताना

प्रत्येक मराठी लढाई या साच्यात बसणार नाही. साल्हेरची १६७२ ची लढाई मोकळ्या मैदानातली, तिथे समसमान गुणांची जुनी पद्धतच बरी. पावनखिंडीत वेळेचा हिशोब उलटा होतो. तिथे थोडे मराठे वाट अडवून उभे आहेत आणि महाराज विशाळगडावर पोचेपर्यंतच्या फेऱ्या त्यांना काढायच्या आहेत. आपली माणसं जपण्याचे गुण तिथे लावले तर बाजीप्रभू पहिल्याच फेरीत निघून जातील.

संताजी घोरपड्यांची दोड्डेरीची लढाई (१६९५) मात्र याच वाटेने मांडता येते. कासिमखानाची फौज गढीत कोंडली गेली आणि तिच्याकडचं खाणंपिणं संपत गेलं. तिथे इंचांऐवजी रसद मोजा: मोगलांना दाणावैरणीच्या ठरावीक चकत्या द्या, दर फेरीला एक काढून घ्या आणि बाहेर पडून आणखी मिळवता येतील अशा दोन-तीन जागा टेबलावर ठेवा. मराठ्यांनी त्या जागांभोवती सोंगट्या फिरवायच्या. पहिल्या डावात बाहेरून काहीच हाती लागलं नाही तर तीन-चार फेऱ्या कमी पडतील इतक्या चकत्या द्या, आणि तिथून पुढे एकेक कमी-जास्त करत जा.